शनीची गवाही

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आमच्या वस्तीतले लोक बाबांच्या मागून पुळणीवर जात. गणपतीपुळ्याच्या आजूबाजूचा हा सगळा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. समोर बेट नाही, डोंगर नाही. सूर्य पाण्यात उतरेपर्यंत दिसतो, आणि त्याच्या मागोमाग उतरणारी चांदाची कोरही, असलीच तर, तशीच खालपर्यंत दिसते. बाबांनी उमेदीची वर्षं बोटीवर काढलेली. क्षितिजाकडे कसं बघायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ते एकटक बघत नसत. डोळे मिटत, उघडत, नजर थोडी बाजूला नेत, आणि मग बोट न दाखवता नुसतं म्हणत, "दिसला." हा शब्द मशिदीत पोचायला दहा मिनिटं लागत आणि त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

एका रमजानच्या अखेरीस आम्ही धरून चार पोरांनी चांद दिसल्याचा ओरडा केला होता. बाबांनी चौघांना वेगवेगळं उभं करून एकच विचारलं, "कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती?" चौघांनी चार दिशा दाखवल्या. ईद एक दिवस पुढे गेली, शिरखुर्म्यासाठी आणलेलं दूध आईला दुसऱ्या दिवसापर्यंत तापवून तापवून ठेवावं लागलं. "दिसला" हा शब्द आमच्या घरात जपून वापरायचा असतो, हे तेव्हापासून आम्हाला पाठ झालं.

चांदाची वाट बघणारे अर्थात आम्हीच नव्हतो. संकष्टीला उपास धरलेली माणसं चंद्रोदयासाठी खोळंबतात. पण त्यांची पंचाईत आमच्या उलट. आमचा चांद समुद्राकडे, त्यांचा चंद्र पूर्वेला, आणि पूर्वेला तर डोंगर. कॅलेंडरातली वेळ टळून गेली तरी चंद्र डोंगराआडच. पुढे आमच्याकडे दुर्बीण आल्यावर शेजारच्या काकू विचारू लागल्या, "तुमच्या त्या नळीतून डोंगरापलीकडचं दिसतं का हो?" नाही दिसत असं सांगताना आम्हालाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

ती दुर्बीण २००३ साली आली. आम्ही दोघे भाऊ. थोरला तेव्हा कुवेतला नोकरीला. त्या ऑगस्टात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार अशी हवा जगभर झाली होती, आणि ती खरीही होती. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला. इतक्या जवळ तो जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता. त्यात कुणीतरी "मंगळ चंद्राएवढा दिसेल" अशी भर घातली आणि ती थाप खऱ्या बातमीपेक्षा लांब गेली. थोरल्याने पगारातून पैसे बाजूला काढून तिकडच्या एका दुकानातून दुर्बीण घेतली आणि रजेवर घरी आला. ऑगस्टात कोकणात मंगळ कसला, अंगणातला माड दिसायची मारामार. खोकं माळ्यावर गेलं.

खोक्यावर शनीचं रंगीत चित्र होतं आणि ठळक अक्षरांत "५२५ पट". आत ६० मिलिमीटर भिंगाची, ७०० मिलिमीटर नाभीय अंतराची नळी, अ‍ॅल्युमिनियमची काटकुळी तिवई, दोन आयपीस, तिप्पट मोठं करणारं एक बार्लो भिंग आणि सूर्य बघायला म्हणून एक गडद हिरवी काच. आयपीस म्हणजे डोळ्याजवळचं छोटं भिंग. एकावर "एच १२.५" लिहिलेलं, दुसऱ्यावर "एसआर ४". दुर्बीण किती पट मोठं दाखवते, याचा हिशेब भाजीच्या हिशेबाइतका सोपा आहे. नळीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. ७०० भागिले ४ म्हणजे १७५. त्याला बार्लोची तिप्पट, ५२५. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त निरुपयोगी होता, आणि हे कळायला आम्हाला चार वर्षं लागली.

त्या वर्षीचा रमजान ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाला. थोरला म्हणाला, ईद करूनच जाईन. आकाश तोवर निवळलं होतं. सेहरीच्या वेळी, साडेचारच्या सुमारास, शनी मिथुन राशीत जवळजवळ डोक्यावर यायचा. त्या वर्षी त्याची कडी पृथ्वीच्या बाजूला पुरेपूर कललेली, म्हणजे दिसायला सगळ्यात सोपी. अंगणात दुर्बीण लावली. आम्ही "एसआर ४" बसवला, कारण तो जास्त मोठं दाखवतो. थोडी धडपड केल्यावर तो सापडला. थरथरणारा, कडेला रंग सुटलेला, पण कडं असलेला शनी. आम्ही दोघे आळीपाळीने ओरडलो. मग आईला उठवलं. ती म्हणाली, "चपाती करपतेय," आणि बघून परत चुलीकडे गेली, पण जाताना म्हणाली, "टोपी घातलेल्या पोरासारखा आहे." आई खोटं बोलली नाही, तिला दिसला होता.

मग बाबा. दुर्बीण सरळ वर रोखलेली असल्यामुळे खाली पाटावर बसून वाकून बघावं लागत होतं. बाबा तेव्हा एकसष्टचे. गुडघ्यावर हात ठेवून बसले, चष्मा सारखा केला, टोपी मागे सरकवली, बिस्मिल्ला म्हटलं, वाकले. बराच वेळ वाकून राहिले. थोरला शेजारी उभा. त्याच्याकडे बघून बाबा म्हणाले, "दिसला रे, दिसला. माशाअल्ला."

थोरला ईदनंतर कुवेतला गेला. तिथे त्याने ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल कोण जाणे. त्याच्या खोलीत आमच्याच तालुक्यातले चार जण राहायचे, त्या सगळ्यांना ती तोंडपाठ होती. आपल्या पैशांनी घेतलेल्या दुर्बिणीतून आपल्या बापाने शनी पाहिला. परदेशात राहणाऱ्या माणसाला अशी एखादी गोष्ट जवळ लागते.

धाकट्याला मात्र पुढचे दोन हिवाळे त्या चार मिलिमीटरच्या आयपीसने छळलं. चंद्र दिसे तो पाण्याच्या तळाशी पडलेल्या ताटलीसारखा. बार्लो लावलं की नुसता करडा धूर. केशवसुतांच्या मालगुंडात एक मास्तर दुर्बीण बाळगून आहेत असं कळल्यावर तो खोकं घेऊनच त्यांच्याकडे गेला. मास्तरांनी सगळ्यात आधी ती हिरवी काच हातात घेतली, पायरीवर ठेवली आणि नारळ फोडायच्या दगडाने फोडली. "सूर्याची सगळी उष्णता जिथे एकवटते तिथेच ही बसते. तडकली तर डोळा बाजूला घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही." मग चहा आला आणि आमचं शिक्षण सुरू झालं.

मास्तरांची दुर्बीण परावर्ती होती. १५० मिलिमीटरचा आरसा त्यांनी पुण्याला आयुकातल्या कार्यशाळेत स्वतः घासलेला. नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. पुण्याचं या बाबतीत जुनं नाव आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून तिथे हौशी निरीक्षकांना आकाश दाखवते आहे. आमचा जिल्हाही अगदीच कोरा नाही. "भारतीय ज्योतिषशास्त्र" लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे. आणि खाली विजयदुर्गाला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ तळ ठोकून होता. हेलियम त्याने तिथूनच शोधला असं आपल्याकडे हौसेने सांगतात, पण हेलियमची गोष्ट १८६८ ची आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडात होता. मास्तर हे सांगत तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला असे, कारण त्यांनीही ते वर्गात वर्षानुवर्षं चुकीचं शिकवलं होतं.

मास्तरांनी सांगितलेलं मुख्य ते असं. दुर्बीण प्रकाश गोळा करते, आयपीस तो पसरतो. गोळा केला असेल तेवढाच पसरता येतो. भाकरीचा गोळा हातभर थापायला गेलं तर ती फाटणारच. ढोबळ नियम असा की मुख्य भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या दुप्पट, त्याच्या पुढे जाऊ नये. ६० मिलिमीटरला १२० पट. आम्ही १७५ वर होतो आणि ५२५ ची स्वप्नं बघत होतो. शिवाय "एसआर ४" मधून डोळ्यात शिरणारी प्रकाशाची शलाका होते ६० भागिले १७५, म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. इतक्या बारीक शलाकेत आपल्याच डोळ्यातले तरंगते ठिपके, धागे दिसायला लागतात. धाकट्याने शनीजवळ पाहिलेले दोन-तीन "उपग्रह" बहुधा तेच असावेत.

थोरला २०१६ साली कायमचा परत आला आणि त्याने पुन्हा हौसेला पैसे लावले. यावेळी खोकं बघून नाही, मास्तरांना विचारून. मास्तरांच्या दुर्बिणीला २०० पट मिळवायची तर सहा मिलिमीटरचा आयपीस हवा. पण सहा मिलिमीटरचे आयपीसही अनेक जातींचे. बांगडा आणि सुरमई दोन्ही मासेच, तसं. २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये गणपतीपुळ्याच्या वरच्या सड्यावर आम्ही तीन-चार जातींची तुलना करायला बसलो. प्लॉसल होता, अ‍ॅबे ऑर्थोस्कोपिक होता, व्हिक्सेन या जपानी कंपनीचा लँथेनम काच वापरलेला होता, आणि बारा मिलिमीटरचा प्लॉसल अधिक दुप्पट करणारं बार्लो अशी जोडणी होती, तीही सहाच्याच बरोबरीची. काही विकत घेतलेले, काही मास्तरांनी पुण्याहून उसने आणलेले.

पद्धत मास्तरांची. एकाने अंधारात आयपीस बदलायचा, दुसऱ्याने कुठला आहे ते न विचारता बघायचं आणि बोलायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं. नाव कळलं की माणूस नाव बघतो, शनी-गुरू बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच रात्री त्याचा प्रत्यय आला. थोरल्याने सगळ्यात महाग आयपीसला तीनदा "साधा" ठरवलं आणि नाव ऐकल्यावर मत बदलायचा प्रयत्न केला. वहीत आधीच लिहिलं गेलं होतं.

प्लॉसल ही रचना व्हिएन्नाच्या गेओर्ग प्लॉसलने १८६० साली केली. दोन-दोन काचा चिकटवलेल्या दोन जोड्या. स्वस्त, चांगला, ५० अंशांचं दृश्यक्षेत्र. पण लांबी कमी झाली की त्याला डोळा अगदी जवळ न्यावा लागतो. सहा मिलिमीटरच्या प्लॉसलला डोळा भिंगापासून चार-पाच मिलिमीटरवर, म्हणजे पापणीचे केस काचेला पुसतात. आमच्या समुद्राकाठच्या दमट हवेत अर्ध्या तासात काचेवर घामाचा, तेलाचा थर. ऑर्थोस्कोपिक अर्न्स्ट अ‍ॅबेचा, १८८० चा. तीन काचा एकत्र चिकटवलेल्या आणि वर एक वेगळी. क्षेत्र लहान, डोळा तेवढाच जवळ, पण पार्श्वभूमी काळीभोर. गुरूचा तांबडा डाग त्यात जसा उठून दिसला तसा बाकी कशातच नाही. निदान एक वाजता नाही. नऊ वाजता सगळेच सारखे वाईट होते. कारण आमचा सडा जांभ्या दगडाचा. दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब वर सोडत राहतो, गुरू तव्यावरच्या तेलासारखा हलतो. आमच्या वहीचा निष्कर्ष कुणाला आवडणार नाही, पण तो असा : दोन चांगल्या आयपीसमधला फरक हा रात्री नऊ आणि रात्री एक यांच्यातल्या फरकापेक्षा लहान होता.

व्हिक्सेनचं वेगळं. त्याचं चित्र आम्हाला किंचित मंद वाटलं, पण डोळा वीस मिलिमीटर दूर ठेवला तरी पूर्ण क्षेत्र दिसतं. चष्मा असला तरी चालतं. इंग्रजीत या अंतराला आय रिलीफ म्हणतात आणि त्या रात्री आम्ही ते फक्त एक आकडा म्हणून लिहून घेतलं. बार्लोची जोडणी स्वस्तातली आणि बरीच सुखाची, कारण डोळ्याला बारा मिलिमीटरचा आयपीस लागतो आणि वर्धन सहाचं मिळतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही तीच सांगतो. अल नॅगलर या अमेरिकन माणसाचे ८२ अंशांचे आयपीसही मास्तरांनी एकदा हाताळायला आणले होते. हा माणूस आधी अपोलोच्या अंतराळवीरांच्या सरावासाठी बनवलेल्या यंत्रांच्या भिंगांवर काम करायचा. त्यातून बघताना नळीतून बघतोय असं वाटत नाही, खिडकीतून मान बाहेर काढल्यासारखं वाटतं. किंमत ऐकून आम्ही तो दोन्ही हातांनी परत दिला.

चंद्रावर सगळ्यात मजा आली. अष्टमी-नवमीच्या सुमारास, उजेड-अंधाराच्या सीमेवर, मधोमध खड्ड्यांची एक माळ लागते. त्यांची बरीचशी नावं इटलीतल्या रिच्चिओली या पाद्र्याने १६५१ साली ठेवली आणि त्याने मुसलमान ज्योतिर्विदांना हात आखडता न घेता जागा दिली. अल्बाटेग्नियस म्हणजे अल-बत्तानी. आर्झाकेल म्हणजे तुलेतुलाचा, आजच्या टोलेडोचा, अल-झर्काली. सुमारे ९७ किलोमीटरचा हा खड्डा आयपीसच्या परीक्षेला उत्तम, आतला डोंगर आणि शेजारचा बारका खड्डा नीट वेगळा दिसतो का ते बघायचं. त्याच्या वर अल्पेट्रॅजियस, म्हणजे अल-बित्रूजी, करवंटीत सुपारी ठेवावी तसा. आणि पूर्व कडेला, चंद्र थोडा झुकलेला असेल तेव्हा नीट दिसणारा अल्हाझेन, म्हणजे बसऱ्याचा इब्न अल-हैसम. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर जात नाहीत, वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो, हे ज्याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला "किताब अल-मनाझिर" मध्ये प्रयोग करून मांडलं, तो. आम्ही ही नावं मोठ्याने वाचत होतो. बाबा खुर्चीवर शाल पांघरून बसले होते. म्हणाले, "ही आपली माणसं वर कधी गेली?"

मग इझार. भूतप तारकासमूहातला हा जोडतारा, एक नारिंगी, एक निळसर, दोघांत तीन विकलांहूनही कमी अंतर. साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीत आम्हाला तो कधी सुटा दिसला नव्हता. १५० मिलिमीटर आणि २०० पटीला चारही आयपीसमध्ये सुटला, ऑर्थोत सगळ्यात स्वच्छ. नाव अरबी, कमरेला गुंडाळायचं वस्त्र. म्हणजे आमच्याकडची इजारच. बाबा हसले. धाकटा म्हणाला, "या, बघा तुमची इजार." बाबा म्हणाले, "तुम्ही बघा. मी बघितलंय मागे सगळं." आणि आम्ही आग्रह केला नाही. बघितलं होतंच की त्यांनी, २००३ साली.

आयपीसांच्या जपणुकीबद्दल एक सांगायला हवं, कारण कोकणातल्या माणसाला ते पुस्तकात सापडत नाही. पावसाळ्यात भिंगाला बुरशी येते. काचेवर बारीक, पांढऱ्या मुळांसारखी पसरते आणि लेपात रुतली की पुसून जात नाही. "एच १२.५" पहिल्याच पावसाळ्यात गेला. पुढे आम्ही घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या वापरू लागलो. घरात सगळ्यात घट्ट झाकणाचा डबा बोंबिलांचा होता. आईने तो दिला, पण वास काही गेला नाही. मास्तर शाकाहारी. आमचा आयपीस डोळ्याला लावताना ते श्वास रोखून धरत, आणि त्यामुळे त्यांच्या काचेवर वाफ कधी धरली नाही.

२०१९ साली बाबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. डॉक्टर म्हणाले, बरेच पिकलेले होते, इतके दिवस चालवलं कसं? बाबा त्याआधी काही वर्षांपासून चांद बघायला पुळणीवर येत, पण बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "पोरांना विचारा, माझे डोळे आता कामाचे नाहीत." दुर्बिणीतून दिसलेला चांद धरावा की नाही यावर वस्तीत वाद होता, तेव्हाही ते म्हणाले की मी उघड्या डोळ्यांनी दिला तेवढाच शब्द दिला, बाकीचं मला विचारू नका.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांपासून अवघ्या सहा कलांवर आले, चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढे. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. दोघेही सूर्यास्तानंतर पश्चिमेला, खाली. म्हणून सडा सोडून दुर्बीण पुळणीवर आणली. मास्क लावलेल्या पर्यटकांची रांग लागली. मास्कमधून वर येणारा श्वास नेमका आयपीसवर धरायचा, दर माणसागणिक काच पुसावी लागत होती. एकाने विचारलं, "किती रुपये?" फुकट आहे म्हटल्यावर तो संशयाने रांगेतून निघून गेला.

ग्रह इतके खाली असले की हवेचा थर जाड. २०० पटीला नुसती उकळी. ऑर्थो, व्हिक्सेन, सगळे डब्यात परत गेले आणि पंधरा मिलिमीटरचा साधा प्लॉसल लावला. ८० पट. दोन्ही ग्रह एका चौकटीत, भोवती भरपूर जागा. गर्दी पांगल्यावर थोरला बाबांना हात धरून घेऊन आला. दुर्बीण आडवी असल्यामुळे खुर्चीवर बसूनच डोळा लागत होता. धाकट्याने फोकसचं चाक बाबांच्या हातात दिलं. "हे फिरवा, तुमच्या डोळ्याला लागेल तसं." बाबांनी चाक भीत भीत फिरवलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मग थांबले.

"दोन आहेत," ते म्हणाले.

"हो."

"मोठ्याच्या बाजूला बारीक ठिणग्या." ते गुरूचे चंद्र. आम्ही काही सांगितलं नव्हतं.

मग पुष्कळ वेळ गेला. "बारक्याला कान आहेत रे."

१६१० साली गॅलिलिओलाही शनीला दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं दिसलं होतं आणि ते काय हे उमगलं नव्हतं. थोरला म्हणाला, "ते कडं बाबा. तुम्ही बघितलंय ना मागे, सेहरीला."

बाबांनी डोळा काढला नाही. "तेव्हा हे नव्हतं."

"तेव्हा तर अजून मोठं होतं. तुम्ही दिसला म्हणालात."

"म्हणालो. काळं दिसत होतं सगळं. तू एवढ्या लांबून आणलेलं." थोड्या वेळाने म्हणाले, "ते मी पोरांना म्हटलेलं. जमातीला नव्हे."

थोरला काही बोलला नाही. पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला आणि आम्ही तिवई, खुर्ची, डबा आवरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही दोघांनी वही काढली आणि जो हिशेब २००३ साली करायला हवा होता तो केला. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकतं. "एसआर ४" चं स्वतःचं क्षेत्र जेमतेम ३० अंश. १७५ पटीला आकाशाचा तुकडा दिसतो १० कलांचा. स्थिर दुर्बिणीत शनी या कडेपासून त्या कडेपर्यंत जायला चाळीस सेकंद, आणि मधोमध आणून ठेवला असेल तर बाहेर जायला वीस. वीस सेकंदांत बाबांना गुडघ्यावर हात ठेवून पाटावर बसायचं होतं, चष्मा सारखा करायचा होता, टोपी मागे घ्यायची होती, बिस्मिल्ला म्हणायचं होतं. ते वाकले तोवर शनी केव्हाच चौकटीबाहेर गेला होता. राहिला असता तरी चष्म्यामुळे डोळा त्या चार मिलिमीटरच्या भिंगापर्यंत पोचला नसता. चष्मा काढला असता तर फोकस चुकला असता, कारण तो आमच्या डोळ्यांना लावलेला होता, आणि चाक फिरवायचं असतं हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. उलट "कशाला हात लावू नका, हलेल" असं सांगितल्याचं आम्हा दोघांनाही आठवलं. कोण म्हणालं यावर मात्र एकमत झालं नाही. पंधरा मिलिमीटरच्या आयपीसचा हिशेबही लिहिला. साडेसदतीस कला, अडीच मिनिटं.

आता व्हिक्सेनचा आयपीस बाबांचाच झाला आहे. डोळा दूर ठेवता येतो, हात कापला तरी चित्र जात नाही, आणि शनी सरकून गेला की नात नळी ढकलून परत आणून देते. "एसआर ४" तिच्या दप्तरात असतो. उलटा धरून ती त्यातून मुंग्या, मिठाचे खडे, माशांचे खवले बघते आणि त्या कामाला तो अतिशय चांगला आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात, इशाची नमाज झाल्यावर, बाबांनी शनी लावायला सांगितलं. वय त्र्याऐंशी. हवा निवळ होती आणि शनी दक्षिणेला चांगला वर. त्यांनी चाक फिरवलं, डोळा मिटला, उघडला, नजर थोडी बाजूला नेली. आम्ही काही बोललो नाही.

"कान नाहीत," ते म्हणाले.

नात म्हणाली, "नीट बघा ना, दादा."

"नीट बघितलं. नाहीत."

मार्च महिन्यात शनीच्या कड्याचं प्रतल पृथ्वीच्या रेषेत आलं होतं, आणि नोव्हेंबरात ते पुन्हा अर्ध्या अंशाहून कमी कलावर आलेलं. कड्याची फक्त धार आपल्याकडे. आम्ही व्हिक्सेन काढून ऑर्थो लावला. धाकट्याला बराच वेळाने सुईत ओवलेल्या मण्यासारखी एक रेघ दिसली. थोरल्याला ती कधी वाटली, कधी नाही. थंडी वाढली तशी काचेवर दव धरू लागलं आणि बाबा आत गेले. वहीत तारीख, वेळ, आयपीसचे आकडे लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात : बाबा — कडं दिसलं नाही.